कोणते आठ?

गोठ सोभो
९ मार्च २००९

अदा पंधी,

सलाम. तू जाऊन नऊ महिने झाले. एवढ्या अवधीत बाईला पोर होतं, तुझ्याकडून एक ओळ झाली नाही. मीही लिहिलं नाही, पण ते सोड. मी मोठी बहीण आहे, मला चालतं.

माया दाटून आली म्हणून लिहितेय असं समजून फुगू नकोस. हे कामाचं पत्र आहे. आपल्या चारीच्या पाण्याच्या पाळ्यांची यादी नवी व्हायची आहे. बारा एप्रिलला गावच्या जमीनदाराकडे, वडेरासाहेबांच्या बैठकीत सगळे जमणार. ज्याच्या रानात दोन हंगाम पाणी गेलं नाही, त्याचं नाव यादीतून काढायचं असं ठरलंय. चारीवर सहा नावं आहेत. कुणाचं जाईल ते तुला सांगायला नको. दर आठवड्याचे तुझे बारा तास गेले की ते पुन्हा मिळत नाहीत, आणि पाण्यावाचून तुझी चार एकरं म्हणजे नुसती क्षाराची पांढरी जमीन. अब्बांनी बाभळी खणून काढून केलेलं रान आहे ते. तुझ्या नाकाच्या शेंड्यावरच्या रागापायी ते घालवू नकोस.

एक दिवस ये, यादीवर सही कर आणि जा. आमचं तोंड बघायचं नसेल तर आमच्या दारावरून मान फिरवून जा. मी काही आडवी पडणार नाही.

जुमनचा हात बरा आहे. म्हणजे वाकडा बसलाय, पण दुखत नाही. म्हशी मीच पिळते. तू मेड घेऊन आला असतास तर एव्हाना सगळे विसरलेही असते. काय मोठं होतं त्यात? आपल्याच चार बायका, त्यांच्या डोक्यावर कुराण, जुमनच्या दाराशी उभं राहायचं आणि चूक झाली म्हणायचं. दारात आलेली मेड आपल्यात कुणी परत पाठवत नाही. तो माझा नवरा, तुझा मेव्हणा, तुझ्याच बायकोचा भाऊ, तो काय तुला परत पाठवणार होता? पण नाही. साहेब ताठ ते ताठच. अब्बांनी तुझं नाव पंधी, म्हणजे वाटसरू ठेवलं, ते तू फारच मनावर घेतलंस.

भागीला सांग, तिची आई रोज तिचं नाव काढते. पत्र मिळाल्याचं कळव.

तुझी अदी,
सभाई


२१ मार्च

अदा,

उत्तर नाही. बरं. कोटरीच्या गिरणीत सूत कातताना बोटं मोडलीत का तुझी?

भागीला तू काय सांगितलंस कोण जाणे, म्हणून मीच सगळं क्रमानं लिहिते. तिलाही वाचून दाखव, कारण तुमच्या नि आमच्या घरात साटंलोटं आहे. मी तिच्या भावाच्या घरात, ती माझ्या भावाच्या घरात. एका घरात भांडं आपटलं की दुसऱ्या घरात आवाज होतो. तिला सगळं कळायला हवं.

गेल्या जूनच्या पहिल्या तारखेला सरकारनं घड्याळं तासभर पुढे केली. वीज वाचते म्हणे. आपल्या गोठात, एवढ्याशा गावात वीज असते कधी की ती वाचावी! मशिदीत जुनी वेळ, शाळेत नवी, बसवाल्याची मनाला येईल ती. लोक लग्नाचं बोलावणं करतानासुद्धा विचारायचे, जुनी का नवी? पहिले चार दिवस हसण्यावारी गेले.

तुझं पाणी सकाळी आठला संपायचं आणि त्याच मिनिटाला जुमनचं सुरू व्हायचं. पाचव्या दिवशी मी तुमच्या दोघांची न्याहारी घेऊन बांधावर आले. एकाच टोपलीत भाकरी, एकाच किटलीत ताक. जुमननं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "आठ वाजले. पाणी माझं."

तू म्हणालास, "सात वाजलेत. सूर्य बघ की जरा."

"सूर्याला कोण विचारतं? रेडिओ ऐकत नाहीस का तू?"

"मग रेडिओवरच पेर कपाशी."

मीसुद्धा हसले, आठवतं का? तेवढ्यात जुमननं फावडं घालून तुझ्याकडचं दारं बुजवलं आणि स्वतःकडचं फोडलं. तुझे शेवटचे चार वाफे कोरडे होते, कपाशी नुकती दुपानी झाली होती. तू दांडा उगारलास तो त्याच्या मनगटावर बसला. घड्याळही फुटलं आणि हाडही.

यात कुणाची चूक किती, हे वडेरासाहेबांनी ठरवलं. सगळ्यांना विचारलं, मलाही विचारलं. मी बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून सांगितलं की घड्याळात आठ वाजले होते. वाजलेच होते. डोळ्यांनी बघितलं ते सांगितलं. यात माझ्यावर रागवायचं काय कारण?

आता एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची राहिली, ती लिहिते. तुझे बारा तास ज्याचं रान लागून आहे त्याला मिळणार. म्हणजे आम्हाला. आम्ही मागितलेले नाहीत. वडेरासाहेब आपणहून म्हणाले. जुमन हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही, मिशी चावत बसला.

म्हणून म्हणते, ये. लोक उद्या म्हणतील सभाईनं भावाचं पाणी खाल्लं. तू आलास तर माझीही सुटका होईल.

बाकी ठीक. कौन्सिलाचं माझं तसंच चालू आहे. बायकांच्या राखीव जागेवरची मेंबर मी, सभेला जातो जुमन आणि माझ्या नावाचा चहा पितो. सेक्रेटरी कागद घेऊन घरी येतो, मी पिठाचे हात पुसून सही करते. पाचवीपर्यंत शिकवलं म्हणून अब्बांना किती बोलणी खावी लागली होती! बघ, त्या पाचवीवर एवढ्या गावांचं युनियन कौन्सिल चाललंय.

सभाई


२ एप्रिल

पंधी,

तुझं पत्र आलं. पोस्टमन सायकलवरून ओरडत आला, "मेंबरबाई, कोटरीचं पत्र!" भागीची आई, आमची अमां, काठी टाकून धावली. जुमन गोठ्यातून बाहेर आला. सगळ्यांसमोर मी पाकीट फोडलं. आत पानभर कागद आणि त्यावर तीन शब्द. "अदी, कोणते आठ?"

शाई महाग झाली आहे का तिकडे?

अमां विचारत राहिली, काय लिहिलंय, काय लिहिलंय. मी म्हटलं, खुशाली लिहिलीय. "एवढीच?" म्हणाली. मी म्हटलं, तुझा जावई कमी बोलतो, तुला माहीत नाही का. मग आत गेले तर तव्यावर भाकरीचा कोळसा झालेला.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, खरं सांगते. चार दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. पाणी भरताना भांडले, रिल्लीची गोधडी शिवताना भांडले, एक अख्खी पट्टी उलटी शिवली गेली. लहानपणी तुझ्यासाठी मार खाल्ला तो काढला, भागीची मागणी मीच घातली ते काढलं. तू तिकडे गुपचूप बसलेला आणि मी इकडे घसा कोरडा करतेय. शेवटी माझं मलाच हसू आलं आणि मग हसूही येईना.

ठीक आहे. नवे आठ. जुने सात. झालं समाधान?

जुन्या वेळेनं तुझा अजून एक तास होता. हे मला तिथे बांधावर उभी असतानाच कळत होतं. पण खोटं मी बोलले नाही. मला घड्याळात जे दिसलं ते मी सांगितलं. कोणते आठ हे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तू विचारायचं होतंस तिथल्या तिथे, नऊ महिन्यांनी टपालानं नव्हे.

बारा तारीख जवळ आली आहे. येतोस का नाही ते कळव.

सभाई


८ एप्रिल

अदा,

तू येणार नाहीस हे माझ्या ध्यानात आलंय. म्हणून आता जे लिहिते ते यादीसाठी नाही.

वडेरासाहेबांनी मला काय विचारलं होतं ते तुला आठवतं. तू समोरच सतरंजीवर बसला होतास. किती वाजले होते असं त्यांनी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले होते, "मेंबरबाई, पाणी कोणत्या वेळेनं चालवायचं याचा कौन्सिलातून काही कागद आला होता का?" आणि मी म्हटलं, "घड्याळात आठ वाजले होते." बायकांना प्रश्न कळत नाहीत म्हणून सगळे हसले. वडेरासाहेब म्हणाले, कागद नाही, तर मग सरकारी वेळ खरी, चूक पंधीची, मेड त्यानंच आणायची. तू हसला नाहीस. तू चिकाकडे बघत होतास.

कागद आला होता, पंधी.

मेच्या एकोणतीस तारखेला आला. सभा न भरवताच सेक्रेटरी घरोघर फिरवत घेऊन आला, सगळ्या मेंबरांच्या सह्या होत्या, मी माझी केली. "या युनियनमध्ये पाण्याच्या पाळ्या जुन्या वेळेनंच चालतील." त्याची एक प्रत त्यानं मला दिली आणि म्हणाला, बाई, तुमच्या चारीवरच्या सहाजणांना वाचून दाखवा, ते तुमचं काम. मला इतका आनंद झाला. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला काम दिलं होतं, नुसती सही नव्हे. संध्याकाळी वाचून दाखवायचं ठरवलं. कोणती ओढणी घ्यायची तेसुद्धा ठरवलं, हस हवं तर.

दुपारी तांबडी म्हैस अडली. रेडकू आडवं आलं होतं. जुमन मावशीच्या मयतीला मीरपूरखासकडे गेलेला. मी आणि अमां कोपरापर्यंत हात घालून बसलो, तेव्हा कुठे ते सुटलं. मग चीक काढा, वाटा, तुझ्या घरी दोन भांडी पाठवली ती आठवत असतील. त्या गडबडीत तो कागद मी रिल्लीच्या दोऱ्यांच्या डब्यात ठेवला. तो तिथेच राहिला. मी विसरले. दुसरं काही कारण नाही. विसरले.

बांधावर दांडा पडला त्या क्षणी मला आठवलं.

तू म्हणशील, मग बैठकीत का नाही बोललीस? कितीतरी वेळा मीच मला विचारलंय. जुमनला वाचवायला, असं मी स्वतःला सांगत आले. तसं नाही. तालुक्यात पहिल्यांदा बायका मेंबर झाल्या, तेव्हा लोक काय काय बोलले ते तूही ऐकलंस. बाईच्या हाती कागद दिला, तिनं तो दोऱ्यांच्या डब्यात ठेवला आणि दोन घरांत डोकी फुटली, असं झालं असतं. वर्षानुवर्षं तोंडी लावायला मिळालं असतं. मला खुर्ची सोडवेना. जिच्यावर मी एकदाही बसलेली नाही ती खुर्ची.

काल जुमनला सांगितलं. तो डाव्या हातानं म्हैस पिळायची खटपट करत होता. ऐकून थांबला.

"म्हणजे पाणी त्याचं होतं."

"हो."

"म्हणजे चोर मी."

"तुला कुठे माहीत होतं?"

"मग चोर कोण?" असं म्हणून त्यानं मान वर केली. शिव्या देईल, हात उचलेल, माहेरी जा म्हणेल असं मला वाटत होतं. माहेरी तरी कोण आहे म्हणा, तूच नाहीस. बराच वेळ तो म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "बारा तारखेला बैठकीला तू जा. मेंबर तू आहेस. तुझ्या नावाचा चहा पिऊन पिऊन मला आंबट ढेकर यायला लागलेत."

मला भीती वाटते, अदा. तुला सांगायला हरकत नाही.

सभाई


१३ एप्रिल

अदा पंधी,

काल झालं ते सांगते.

बैठकीत बाई येणार म्हणून आधी अर्धा तास चिकाचा पडदा शोधण्यात गेला. तो उंदरांनी खाल्ला होता. मी म्हटलं, राहू दे, माझी ओढणी पुरे आहे. अमां माझ्याबरोबर आली, खोकत खोकत दाराशी बसली. जुमन सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून.

पाटकरी यादी वाचायला लागला. तुझं नाव आलं. "पंधी, गैरहजर, दोन हंगाम पडीक." त्यानं पेन टेकवलं.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "थांबा. आधी हा कागद वाचा." डब्यातून काढला तसाच नेला होता, त्याला लाल दोरा चिकटलेला. पाटकऱ्यानं मोठ्यानं वाचला. तारीख वाचली, सह्या वाचल्या, माझी सही वाचली.

वडेरासाहेब म्हणाले, "मेंबरबाई, हा कागद इतके महिने होता कुठे?"

"माझ्या दोऱ्यांच्या डब्यात."

मागून कुणीतरी म्हणालं, "वा! कौन्सिल डब्यातून चालतं म्हणायचं."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी जागच्या जागी मरेन. मेले नाही. उलट जीभ सुटली. म्हटलं, "हो, चालतं. आणि तुमच्या खिशातून चालतं तेव्हा तर कागदही सापडत नाही. मी विसरले, आणि विचारलं तेव्हा सांगितलं नाही. खोटं बोलले नाही, पण अर्धं बोलले. त्या अर्ध्यावर तुम्ही माझ्या भावाला दोषी धरलंत. आता नाव काढायचं तर माझं काढा कौन्सिलातून."

वडेरासाहेब माणूस वाईट नाहीत, आळशी आहेत. त्यांना निवाडा फिरवायला लागतो याचाच जास्त त्रास झाला. पागोटं काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "खुर्ची राहू द्या. यापुढे कागद आधी वाचत जा आणि डब्यात नंतर ठेवत जा." आणि म्हणाले, दांडा मारला ते पंधीचं चुकलं, पण पाणी त्याचं होतं. मेड त्यानं आणायची नव्हती, त्याच्याकडे जायला हवी होती. हे सगळ्यांसमोर म्हणाले, मी माझ्या कानांनी ऐकलं.

तुझं नाव राहिलं. पण जूनच्या पहिल्या पाण्याआधी तू स्वतः येऊन सही करायची, त्यापुढे ते थांबणार नाहीत. आणि तोवर तुझ्या पाळीचं पाणी तुझ्याच रानात गेलं पाहिजे, नाहीतर पडीक ते पडीकच. पाटकऱ्यानं विचारलं, तोवर दारं कोण धरणार? जुमन मागून म्हणाला, "मी धरीन."

वडेरासाहेब म्हणाले, "अरे, हे बारा तास तुलाच मिळत होते."

"मला माझेच धरवत नाहीत एका हातानं. जास्तीचे घेऊन काय करू?"

लोक हसले. पण तो गेला, पंधी. काल रात्री तुझी पाळी होती. डाव्या हातात फावडं धरून, उजव्या कोपरानं रेटत त्यानं तुझ्या चारही एकरांत पाणी फिरवलं. शेवटच्या चार वाफ्यांपर्यंत. मी सकाळी भाकरी घेऊन गेले तर चिखलात बसला होता. म्हणाला, "तुझ्या भावाची जमीन उतरती कुठे आहे तेच कळत नाही. एवढी वर्षं हा कसं धरत होता कोण जाणे."

परवापासून घड्याळं पुन्हा पुढे होणार आहेत. या वेळी पाळ्या जुन्या वेळेनंच चालतील, असं मी स्वतः सहाही घरी जाऊन सांगून आले. पाच घरी सांगितलं आणि तुझ्या कुलूप लावलेल्या दाराशी उभी राहून सहाव्यांदा. शेजारीण म्हणाली, सभाई, डोकं फिरलं का तुझं?

आता तरी ये.

सभाई


७ मे
कोटरी, तुझ्या खोलीत

पंधी,

तू उत्तर दिलं नाहीस. तीन आठवडे वाट बघितली. मग मीच म्हटलं, मेड न्यायची.

गोठात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. बहीण कधी भावाच्या दारी मेड घेऊन जाते का? बहीण नुसती रडून मोकळी होते, भाऊ पाघळतो, संपलं. मी म्हटलं, रडून मागितलं तर तो बहिणीला देईल. मी मेंबर म्हणून चुकले, त्याची माफी मला हवी आहे. ती रडून मागायची नसते.

पाचजणी आलो आहोत. मी, अमां, जुलेखां मावशी आणि शेजारच्या दोघी. बसमध्ये अमांला सारखं मळमळत होतं म्हणून सकाळपासून तिनं घोटभरही पाणी घेतलं नाही. स्टँडवरून इथवर कुराण तिनंच डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, मला दे, तुझं वय ऐंशी. म्हणाली, "जावई माझा आहे."

तू गिरणीत पाळीवर गेलेला. भागीनं दार उघडलं, आईला बघून किंकाळी फोडली आणि मिठी मारायला धावली. अमांनी हात आडवा धरला. "आधी माफी." भागी तिथेच उभी राहिली. अकरा महिन्यांनी आई दिसली आणि तिला हात लावता येईना.

मग तिनं माठातलं पाणी आणलं, बर्फ आणला कुठूनसा, पाच पेले भरून ठेवले. आम्ही कुणी हात लावला नाही. तुला ठाऊक आहे, मेड आली की माफी मिळेपर्यंत त्या घरचं पाणी चालत नाही. भागी रडकुंडीला आली. "अमां, मी तुझी लेक आहे ना? माझ्या हातचं तरी घे."

"लेक माझी, पण घर त्याचं."

"उन्हानं मरशील तू इथे."

"मेले तर त्याच्याच दारात पुर. लांबून आणलंय स्वतःला, परत नेऊ नको."

जुलेखां मावशी एवढ्यातही हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

जुमनही आलाय. आत आला नाही. गल्लीत भिंतीच्या सावलीत उकिडवा बसलाय. म्हणतो, दारं मी मोडलं, हात त्यानं मोडला, तो ये म्हणाला तर आत येईन. तुझ्या रानात पाणी चौथ्यांदा फिरलंय. त्याला कपाशी पेरायची आहे, पण म्हणतो सरी कुठल्या अंगाला ओढायची ते पंधी सांगेल.

भागी म्हणते, तुझी सुट्टी चारला होते. आता साडेबारा झालेत. ती म्हणते, मी गिरणीच्या फाटकावर निरोप देऊन येते. मी म्हटलं, थांब, निरोप नको, मी लिहून देते. म्हणून हे तुझ्या पलंगावर बसून लिहितेय. तुझ्या उशाखाली माझी सगळी पत्रं सापडली. पाचही. घड्या मोडून मोडून मऊ झालेली. मेल्या, एवढ्यांदा वाचलीस आणि उत्तर द्यायला तुझा हात झिजला?

अमां म्हणते, लिही, मला काही तहान लागलेली नाही, त्याला उगाच घाईनं बोलावू नका, काम बुडेल. ती खोटं बोलतेय. तिचे ओठ फुटलेत, आणि तिची नजर त्या पेल्यांवरून हलत नाही.

आणि खोटं म्हटल्यावर माझं पेन इथे अडलंय. प्रत्येक पत्रात मी तुला लिहिलं की मी खोटं बोलले नाही. घड्याळात दिसलं ते सांगितलं, अर्धं सांगितलं, कुणी विचारलं नाही. बैठकीतसुद्धा तेच म्हणाले, आणि लोकांनी मानलं. तुझं उत्तर का येत नाही, ते मला ही पत्रं तुझ्या उशाखाली एकत्र बघितल्यावर कळलं. पाचांमध्ये तू एकच ओळ शोधत होतास आणि ती मी कुठेच लिहिली नव्हती.

पंधी, मी खोटं बोलले. आठ म्हणाले तेव्हा ते खोटं आहे हे मला माहीत होतं. चिकाच्या फटीतून तू माझ्याकडे बघत होतास, ही माझी बहीण आहे, आता ती सांगेल म्हणून बघत होतास. तुझ्या डोळ्यांत बघून मी खोटं बोलले.

भागी चपला घालून दारात उभी आहे. ये, आणि अमांला पाणी दे. मला द्यायचं की नाही, ते तू ठरव.

सभाई